अर्जातली गांधीगिरी

सरकारी कचेरीत टपाल उघडणाऱ्या कारकुनाला एक गोष्ट कोणी न शिकवता कळू लागते. अर्जाच्या पहिल्या दोन ओळी वाचल्या की लिहिणारा विनवतो आहे, भांडतो आहे, की दुसऱ्याने सांगितलेले उतरवून आणले आहे, ते समजते. विषय बहुधा तेच असतात. नळाला पाणी नाही, एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव चढले नाही, शेजाऱ्याने वाट अडवली. फरक असतो तो आवाजाचा. आणि गोव्यातल्या अर्जाचा आवाज कसकसा बदलत गेला हे कोणी लिहायला घेतले, तर एका हिंदी चित्रपटाला त्यात दोन-चार पाने द्यावीच लागतील. तो चित्रपट म्हणजे 'लगे रहो मुन्नाभाई'. १ सप्टेंबर २००६ रोजी तो प्रदर्शित झाला. मी तेव्हा नोकरीत नवा होतो.

चित्रपटातले शब्द बोलण्यात येतात यात नवल नाही. 'शोले' १९७५ साली आला, तेव्हापासून गब्बर हे नुसते विशेषनाम राहिलेले नाही. वर्गातल्या दांडगट मुलापासून कडक सासऱ्यापर्यंत कोणीही गब्बर असू शकतो. पण हे सगळे बोलण्यात. लिहायला बसला की आपला माणूस लग्नाला निघाल्यासारखा भाषेचे कपडे बदलतो. घरी 'पाणी येत नाही' म्हणणारा अर्जात 'पाणीपुरवठा सुरळीत होत नसल्याचे आपल्या निदर्शनास आणू इच्छितो' असे लिहितो. अशा कागदावर गब्बरला प्रवेश नव्हता. गांधीगिरीला मात्र मिळाला. 'येत्या पंधरा दिवसांत कार्यवाही न झाल्यास आम्हाला गांधीगिरीचा मार्ग अवलंबावा लागेल' हे वाक्य, थोड्याफार फरकाने, मी किती अर्जांवर आवक क्रमांक घालताना वाचले असेल याची मोजदाद नाही. पडद्यावर जन्मलेला शब्द 'कार्यवाही' आणि 'अवलंबावा' यांच्या पंगतीत जाऊन बसला, आणि कोणी त्याला उठवले नाही.

हे केवढे मोठे झाले ते कळायला जरा मागे जायला हवे.

पोर्तुगीज अमदानीत अर्जाला 'रेकेरिमेंत' म्हणत. तो साध्या कागदावर चालत नसे, त्याला 'पापेल सेलाद' म्हणजे सरकारी मुद्रांकित कागद लागे. अर्जदार स्वतःविषयी 'मी' म्हणून लिहीत नसे. अमुक तमुक, विवाहित, राहणार अमुक गावी, हा आपल्यासमोर अत्यंत आदरपूर्वक येऊन मागणी करतो की, अशी तृतीय पुरुषातली चाल असे. शेवटी ठरलेली ओळ 'पेद देफेरिमेंत', म्हणजे मागणी मान्य व्हावी ही प्रार्थना. त्याहून जुन्या अर्जांत तीन अक्षरे असत, त्यांचा अर्थ 'कृपा होईल अशी आशा बाळगतो'. ज्याला पोर्तुगीज येत नसे त्याला हे सारे दुसऱ्याकडून लिहून घ्यावे लागे. म्हणजे गाऱ्हाणे आपले, पण शब्द, भाषा आणि व्याकरणातला पुरुषसुद्धा परका. उलट बाजूने सालाझारच्या काळात सरकारी पत्र यायचे त्याच्या तळाशी 'राष्ट्राच्या हितासाठी' अशा अर्थाचे पोर्तुगीज वाक्य छापल्यासारखे ठरलेले असे. खालून कृपेची आशा आणि वरून राष्ट्राचे हित, असा हा पत्रव्यवहार होता.

मराठीची परंपरा याहून फार वेगळी होती असे समजू नये. पेशवाईतली पत्रे काढून पाहा. 'सेवेसी', 'विज्ञापना', 'कृतानेक साष्टांग नमस्कार'. लोटांगण घातल्याशिवाय मुद्द्यावर यायचे नाही ही रीत आपलीही आहेच.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. मुद्रांकित कागदाची सक्ती सरली, पण वाकलेली पाठ लगेच सरळ झाली नाही. 'आपला नम्र', 'आपला आज्ञाधारक' हे शब्द कितीतरी वर्षे अर्जाच्या तळाशी टिकले. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या सरकारी वापरालाही जागा ठेवली गेली. कचेरीचे बहुतेक काम इंग्रजीतच चालत आले, हे तुम्हाआम्हाला माहीत आहे. तरी मराठी अर्ज येत राहिले, आजही येतात, आणि लोकांची खरी भाषा फायलीत शिरते ती त्यांच्यातूनच. पुढे माहिती हक्काचा कायदा आला. गोव्याने आपला स्वतंत्र कायदा १९९७ सालीच केला होता, केंद्राचा २००५ साली आला. त्याने अर्जाला दुसरा आवाज दिला. कलम अमुक, मुदत अमुक दिवस, न मिळाल्यास अपील. इथे नम्रता शून्य आणि वाक्ये वकिलाची.

अशा वेळी, एकीकडे 'आपला नम्र' आणि दुसरीकडे 'कलम सहा' असताना, मुन्नाभाई आला.

कथा बहुतेकांना पाठ असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. मुंबईतला एक गुंड रेडिओवरच्या मुलीच्या प्रेमात पडतो. तिला भेटायला मिळावे म्हणून २ ऑक्टोबरच्या प्रश्नमंजूषेत गांधींवरची उत्तरे देतो आणि इतिहासाचा प्राध्यापक असल्याची थाप मारतो. थाप निभावण्यासाठी ग्रंथालयात बसून गांधी वाचतो, आणि वाचता वाचता त्याला गांधी दिसू लागतात. पुढे एक बिल्डर वृद्धांचे घर बळकावतो, त्याच्या दारात मुन्ना आणि मंडळी फुले पाठवतात आणि 'लवकर बरे व्हा' अशा शुभेच्छा देतात. दिग्दर्शक राजकुमार हिरानी, मुन्ना संजय दत्त, बिल्डर बोमन इराणी. गांधी झाले होते आपले दिलीप प्रभावळकर. ज्यांना 'झपाटलेला'मधला तात्या विंचू आठवतो त्यांनी क्षणभर डोळे चोळले असतील. त्या भूमिकेसाठी आणि 'शेवरी' या मराठी चित्रपटासाठी मिळून त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गीतलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार स्वानंद किरकिरे यांना मिळाला, ते इंदूरचे मराठी. (चित्रपटात एक व्हिक्टर डिसोझाही आहे. हिंदी चित्रपटातला डिसोझा म्हटले की बाटली ठरलेली. हा बापडा बापाचे पैसे दारूत नव्हे, शेअर बाजारात घालवतो. तेवढीच प्रगती.)

आता 'गांधीगिरी' या शब्दाकडे. 'गिरी' हा प्रत्यय आपल्याकडे फारसीतून आला, आणि तोही दोन वाटांनी. 'गीर' म्हणजे घेणारा, धरणारा. जग घेणारा तो जहांगीर, आणि जागा धरून बसणे यातून जहागीर. मराठ्यांची मुलूखगिरी याच घरातली, मुलूख घ्यायला निघणे. दुसरा 'गर', म्हणजे करणारा. सौदागर, जादूगर. त्याची कारीगरी मराठीत कारागिरी झाली. मराठी जिभेने दोन्ही एक करून टाकले आणि हवे तिथे लावले. जोतीराव फुल्यांच्या १८७३ सालच्या पुस्तकाचे नावच 'गुलामगिरी' आहे. शिपाईगिरी साधी आहे. पण यादी पुढे वाचत गेलो की दिसते ते असे: दादागिरी, गुंडगिरी, भामटेगिरी, लुच्चेगिरी, उचलेगिरी, चमचेगिरी. आमच्या धंद्याला कारकुनी म्हणतात तोवर ठीक असते, बाबूगिरी म्हटले की समजावे काय म्हणायचे आहे. थोडक्यात, या प्रत्ययाची संगत चांगली नाही.

चित्रपटाची गंमत हीच होती. मुन्नाला दादागिरी येते, तेव्हा त्याला समजेल अशा भाषेत गांधींची रीत म्हणजे गांधीगिरी. 'गांधीवाद' म्हटले असते तर परीक्षेतला दहा गुणांचा प्रश्न झाला असता. गांधींना गुंडाच्या प्रत्ययात बसवल्यामुळे ते गल्लीतले झाले. वर्तमानपत्रांनी हा शब्द लगेच उचलला. आधी तो एकेरी अवतरणचिन्हांत येई, पाहुण्याला खुर्ची द्यावी तसा. पुढे चिन्हे गळाली. 'खड्ड्यांत झाडे लावून गांधीगिरी', 'विनाहेल्मेट चालकांना गुलाबपुष्प, पोलिसांची गांधीगिरी' असले मथळे महाराष्ट्रात आणि आपल्याकडेही इतके झाले की वाचक बातमी न वाचताच पान उलटू लागला. २०११ साली रामलीला मैदानावर अण्णा हजारे उपोषणाला बसले तेव्हा 'अण्णागिरी' असाही शब्द निघाला, पण तो टिकला नाही.

शब्द समुद्रापलीकडेही गेला. १० नोव्हेंबर २००६ रोजी हा चित्रपट न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात दाखवला गेला. पण मला त्याहून जुलै २००७ ची हकीकत मोलाची वाटते, कारण तिच्यात कचेरी आहे. अमेरिकेत ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्या नोकरदारांना तिथल्या सरकारने कळवले की जुलैत सर्वांचे अर्ज घेऊ. लोकांनी धावपळ करून कागद जमवले, वैद्यकीय तपासण्या केल्या. २ जुलैला कळवले की आता घेणार नाही. त्यांच्यात भारतीय पुष्कळ होते. त्यांनी इंटरनेटवरून पैसे भरून त्या खात्याच्या प्रमुखाला शेकडो पुष्पगुच्छ पाठवले, ते १० जुलैला पोचले. साहेबांनी ती फुले जखमी सैनिकांच्या रुग्णालयात पाठवून दिली. १७ जुलैला खात्याने निर्णय फिरवला आणि महिनाभर अर्ज घेतले. नुसत्या फुलांनी हे झाले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, न्यायालयात जाण्याची तयारीही चालू होती. पण परदेशात, पोटासाठी परक्या दारात उभ्या असलेल्या माणसांना ओरडता येत नव्हते आणि गप्पही बसवत नव्हते. मधली काही रीत त्यांना हवी होती, ती एका हिंदी चित्रपटाने दिली.

आपल्या अर्जदाराचेही तसेच झाले असावे असे मला वाटते. कारण गांधींचा स्वतःचा शब्द 'सत्याग्रह' गोव्यात सहज उचलण्यासारखा राहिला नव्हता.

या शब्दाचे वय चित्रपटाच्या वेळी शंभराच्या आसपास होते. जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमधली सभा ११ सप्टेंबर १९०६ ची, म्हणजे मुन्नाभाई लागला त्यानंतर दहाच दिवसांनी तिची शताब्दी आली. चळवळ आधी सुरू झाली आणि नाव मागाहून मिळाले. गांधींनी आपल्या पत्रातून वाचकांना नाव सुचवायला सांगितले, मगनलाल गांधींनी 'सदाग्रह' सुचवला, त्याचा गांधींनी 'सत्याग्रह' केला. वर्तमानपत्राच्या वाचकांना विचारून ठरवलेला शब्द तो, तोही एका परीने रोजच्या लिहिण्यातूनच आला.

गोव्यात त्या शब्दाला रक्त लागले. १८ जून १९४६ रोजी मडगावला राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली. त्यानंतर महिन्याभरात त्रिस्तांव ब्रागांझ कुन्यांना पकडून पुढे पोर्तुगालच्या पेनिशे किल्ल्यात डांबले. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट पहिली तुकडी घेऊन आले. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले सत्याग्रही सीमा ओलांडत असताना पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसे गेली. पत्रादेवीला पंजाबातून आलेला कर्नैलसिंग पडला. तिथल्या स्मारकाजवळून आपल्या बसेस रोज जातात.

एवढे ज्या शब्दाच्या मागे आहे तो नळाच्या अर्जात कसा घालायचा? आमच्याकडे सत्याग्रही म्हणजे १८ जूनला आणि १९ डिसेंबरला शाल घेणारे वृद्ध, त्यांची यादी, त्यांचे मानपत्र, त्यांची पेन्शन. हा मान योग्यच होता. पण मान देता देता शब्द काचेच्या कपाटात गेला. वॉर्डातल्या गटारासाठी 'मी सत्याग्रह करीन' असे लिहिणाऱ्याला घरचेच हसले असते. 'गांधीगिरी करू' म्हणायला कोणाची परवानगी लागत नव्हती. हातात फूल घ्यायचे आणि जायचे. विनवणीपेक्षा ताठ आणि भांडणापेक्षा हसरा असा तिसरा आवाज अर्जाला मिळाला. एका अर्जाचा शेवट माझ्या लक्षात आहे. 'आपला नम्र'च्या जागी त्या गृहस्थाने 'आपल्या प्रकृतीस लवकर आराम पडो ही सदिच्छा' असे लिहिले होते. साहेबांची प्रकृती ठणठणीत होती. कृपेची आशा बाळगणाऱ्या त्या तीन पोर्तुगीज अक्षरांपासून ही सदिच्छा किती लांब आहे ते पाहा.

इथवर मी या शब्दाच्या बाजूचा आहे. पुढचे बोलताना मी टेबलाच्या या बाजूला बसतो हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

माझ्याही टेबलावर एकदा गुलाब आला आहे. कचेरी कुठली ते सोडा. साठीतले गृहस्थ, स्वच्छ सदरा, हसतमुख. त्यांच्यासोबतचा मुलगा मोबाईल धरून उभा. त्यांची फाईल वरच्या सहीसाठी गेली होती, आणि वर म्हणजे जिथे फूल घेऊन जायला आधी चिठ्ठी पाठवावी लागते तिथे. मी फूल घेतले, पाण्याच्या पेल्यात ठेवले, फाईल कुठे आहे ते कागदावर लिहून दिले. मुलाचा फोटो काढून झाल्यावर ते गेले. संध्याकाळपर्यंत पाकळ्या गळाल्या आणि सही व्हायची तेव्हाच झाली. सहकाऱ्यांनी मला आठवडाभर 'मामू' म्हणून हाक मारली.

राग आला नाही. पण एक गोष्ट डोक्यात राहिली. चित्रपटात फुले बिल्डरला जातात, म्हणजे ज्याने घर लाटले त्यालाच. आपल्याकडे ती कारकुनाला, लाईनमनला, कनिष्ठ अभियंत्याला मिळतात. जो काउंटरवर सापडतो तो.

आणि त्याच चित्रपटात कचेरीचा दुसरा प्रसंग आहे, तो मला जास्त खरा वाटतो. एका निवृत्त म्हाताऱ्याची पेन्शन अडली आहे, बाबू पैसे मागतो. रेडिओवर मुन्नाला विचारून तो म्हातारा कचेरीत जातो आणि अंगावरची एकेक वस्तू, एकेक कपडा काढून टेबलावर ठेवतो, माझ्याजवळ एवढेच आहे म्हणून. सगळी कचेरी बघते. बाबूला घाम फुटतो आणि कागदावर सही होते. चित्रपटगृहात लोक हसतात, टाळ्या वाजवतात. माझ्या पेशाच्या माणसाला त्या टाळ्यांत बसणे सोपे नव्हते, तरी मी म्हणेन की हे सत्याग्रहाच्या जवळचे आहे. यात म्हातारा स्वतःची अब्रू पणाला लावतो. समोरचा लाजेल की नाही याची खात्री नसताना स्वतः आधी उघडा पडतो. फूल देणाऱ्याचे काय जाते? दहा रुपये. आणि फोटो मिळतो.

एका चित्रपटात दोन गांधीगिऱ्या होत्या. लोकांनी त्यातली स्वस्त उचलली. लोकांना दोष देण्यात अर्थ नाही, शब्द वापरात येतो तो नेहमी त्याच्या सोप्या अर्थाने. पण मग तो समोरच्यांनाही सोपा होतो. पोलीस दंड करण्याऐवजी गुलाब देतात त्यालाही गांधीगिरी म्हणतात. ज्याच्या हातात दंडुका आहे त्याने फूल दिले तर तो फार तर प्रेमळपणा, आपण त्याला औदार्य म्हणू. गांधींची रीत ज्याच्या हातात दंडुका नाही त्याच्यासाठी होती. हा फरक मथळ्यात पुसला गेला आणि शब्दाचा दात पडला. आता 'गांधीगिरी करू' हे वाक्य वाचून वरच्या मजल्यावर कोणी दचकत नाही. फुलवाल्याचा धंदा होईल, एवढेच.

आजचे पंचविशीतले अर्जदार हा शब्द लिहितात, पण त्यांतल्या कित्येकांनी चित्रपट पाहिलेला नसतो. त्यांना तो कायम मराठीतच होता असे वाटते. एकाला मी सहज विचारले तर म्हणाला, गांधींच्या काळातलाच ना? मी हो-नाही काही म्हटले नाही, रांग होती.

अलीकडे एक अर्ज आला, पायवाटेचा. एका बाईने स्वतःच्या हाताने लिहिलेला, ओळी चढत गेलेल्या. तिने गांधीगिरीही लिहिली नव्हती आणि कलमही. वाट मोकळी होईपर्यंत मी रोज सकाळी दहा वाजता कचेरीच्या पायरीवर येऊन बसेन आणि संध्याकाळी घरी जाईन, कोणाला अडवणार नाही, असे लिहिले होते. तळाशी नुसती सही. आवक नोंदवहीत विषयाचा रकाना असतो, त्यात अशा गोष्टीसाठी शब्द नाही. मी 'वाटेसंबंधी' असे लिहिले आणि अर्ज वर पाठवला. ती दुसऱ्या दिवशी दहाला आली होती.